सरकारी मोड विकली कशी जाते?



गेल्या वार्षिक सभेत मागच्या रांगेतून एक प्रश्न आला होता. "जुनी मिल काढली, तिचं लोखंड गेलं कुठं आणि किती रुपयाला गेलं?" व्यासपीठावरून आकडा सांगितला गेला, टाळ्याही पडल्या. पण तो आकडा निघाला कसा, माल कोणी मोजला, किंमत कोणी ठरवली, हे कोणी विचारले नाही आणि कोणी सांगितलेही नाही. सभा संपल्यावर चहाच्या कपाबरोबर मात्र पुष्कळ चर्चा झाली. एक जण म्हणाले, "सरकारी खात्यात असं चालत नाही, तिथं लिलाव होतो." दुसऱ्यांनी लगेच उत्तर दिले, "होतो खरा, पण आपल्याला कळायच्या आत होतो."

दोघांचेही थोडे थोडे खरे आहे. म्हणून सरकारी खाती आपला जादा आणि निकामी माल विकतात तरी कशी, याची साधी माहिती या अंकात द्यायचे आम्ही ठरवले. कारणे दोन. आपल्यातले पुष्कळ सभासद जीप, ट्रॉली, पंप, पाइप असल्या वस्तू स्वस्तात मिळतील म्हणून सरकारी लिलावाची वाट बघत असतात आणि त्यात काही जण हात पोळून घेतात. दुसरे कारण घरचे आहे, ते शेवटी सांगू.

मोड म्हणजे काय?

आपण सगळ्यालाच भंगार म्हणतो. सरकारी नियमात मात्र तीन प्रकार मानले जातात. पहिला जादा माल. वस्तू चांगली आहे, पण खात्याला तिची गरज उरलेली नाही. धरणाचे काम संपले आणि पाइप शिल्लक राहिले, तसे. दुसरा कालबाह्य माल. वस्तू चालते, पण काळ पुढे गेला. टंकलेखन यंत्रांचे असेच झाले. तिसरा निकामी माल, म्हणजे दुरुस्तीचा खर्च वस्तूच्या मोलापेक्षा जड झालेला. आपल्या घरी बैल, नांगर आणि मोडका टायर एकाच भावात कोणी विकत नाही. सरकारनेही विकू नये म्हणून ही विभागणी.

ही गोष्ट आजची नाही. दुसरे महायुद्ध १९४५ साली संपले तेव्हा लष्कराकडे ट्रक, जीप, तंबू, पत्रे, यंत्रे यांचे ढीग पडून होते. ते विकून टाकण्यासाठी सरकारला स्वतंत्र व्यवस्था करावी लागली. "डिस्पोजलचा माल" हा शब्द जुन्या माणसांच्या तोंडी अजून आहे तो त्या दिवसांपासून. मोकळे झालेले सगळेच काही विकले गेले असे नाही. कल्याणजवळच्या लष्करी छावणीत फाळणीनंतर आलेल्या सिंधी निर्वासितांना वसवले आणि १९४९ साली तिचे उल्हासनगर झाले. म्हणजे सरकारी मालमत्तेचे मोल दर वेळी रुपयातच मोजायचे असते असे नाही. पण ज्या वेळी रुपयात मोजायचे, त्या वेळी ते नीट मोजले पाहिजे.

निकामी कोण ठरवतो?

केंद्र सरकारच्या खात्यांसाठी "सामान्य वित्तीय नियम २०१७" लागू आहेत. राज्य सरकारचे आपले स्वतःचे वित्तीय नियम आणि शासन निर्णय आहेत. तपशिलात फरक असला तरी धोरण एकच आहे. आम्ही केंद्राचे नियम धरून सांगतो, कारण ते सुटसुटीत आहेत आणि त्यावरून बाकीचे समजायला सोपे जाते.

पहिली पायरी ही की, वस्तू निकामी आहे असे कोठीवाल्याने तोंडी सांगून भागत नाही. जो अधिकारी ती वस्तू खरेदी करायला सक्षम आहे, त्यानेच ती निकामी का ठरवली याची कारणे लेखी नोंदवायची. हवी तर त्यासाठी समिती नेमायची. आणि एक महत्त्वाचे कलम आहे बरं का. वस्तू एखाद्या नोकराच्या हयगयीने, लबाडीने किंवा खोडसाळपणाने निकामी झाली असेल, तर जबाबदारी निश्चित केली पाहिजे. मोटर पाण्यात बुडू द्यायची आणि मग "जळाली, विका" म्हणायचे, हे नियमात बसत नाही.

या कामाला आपल्या राज्याच्या कारभारात निर्लेखन म्हणतात. वस्तू जडवस्तू नोंदवहीतून, म्हणजे आपल्या डेडस्टॉक रजिस्टरातून, रीतसर कमी करायची. नोंदवहीत आहे आणि जागेवर नाही, किंवा जागेवर आहे आणि नोंदवहीत नाही, असे झाले की लेखापरीक्षक तिथेच बोट ठेवतो.

किंमत कशी काढतात?

विकण्याआधी तीन आकडे काढावे लागतात. पहिला पुस्तकी किंमत, म्हणजे घसारा वजा जाता हिशेबात उरलेली. ती निघत नसेल तर मूळ खरेदीची किंमत धरतात. दुसरा मार्गदर्शक किंमत, म्हणजे बाजारात साधारण काय यावे तो अंदाज. तिसरा राखीव किंमत, म्हणजे याच्या खाली द्यायचे नाही ती रेघ. मालाची यादी ठरलेल्या नमुन्यात करायची. त्यात माल कोणता, किती, कोणत्या अवस्थेत, कधी घेतला, कितीला घेतला, हे सगळे येते.

मग रक्कम बघायची. मालाची उरलेली किंमत २ लाख रुपयांच्या वर असेल तर जाहीर निविदा किंवा जाहीर लिलाव, यापैकी एक केलेच पाहिजे. २ लाखांच्या आत असेल तर सक्षम अधिकारी पद्धत ठरवतो. पण माल साठून जागा अडू नये आणि पडून पडून मोल कमी होऊ नये, हे त्याने ध्यानात ठेवायचे. ही सूचना आम्हांला फार पटली. आपल्याकडे पावसात गंजत पडलेल्या लोखंडाचा दर दर वर्षी खाली येतो आणि आपण म्हणतो, भाव आला की विकू. माल गंजला की भाव येऊन काय उपयोग?

निविदा आणि लिलाव

निविदेत बंद पाकिटातून किंवा आता संगणकावरून दर मागवतात. जाहिरात सर्वदूर द्यायची, माल कुठे आणि कोणत्या स्थितीत आहे ते लिहायचे, इच्छुकांना तो प्रत्यक्ष बघू द्यायचा. निविदा भरणाऱ्याकडून साधारणपणे राखीव किंमतीच्या १० टक्के अनामत घ्यायची. वेळ टळल्यावर आलेली निविदा विचारात घ्यायची नाही, मग ती कोणाचीही असो. सर्वांत वरचा दर देणाऱ्याला माल जातो. त्याचा दर परवडणारा नसेल तर बोलणी फक्त त्याच्याशीच करायची. ती फिसकटली तर वाजवी दर खालच्या क्रमांकाला विचारता येतो. सगळ्यांना आत बोलावून ऑफिसात भाव करायचा, हा प्रकार नाही.

लिलावात बोली समोरासमोर होते. सुरुवातीला अटी पुन्हा मोठ्याने सांगायच्या. हातोडा पडला की बोली स्वीकारली की नाकारली हे तिथल्या तिथे जाहीर करायचे आणि स्वीकारली असेल तर बोलीच्या निदान २५ टक्के रक्कम जागेवर भरून घ्यायची. लिलाव करणाऱ्या पथकात वित्त शाखेचा एक अधिकारी असलाच पाहिजे. राहिलेली पूर्ण रक्कम जमा झाल्याशिवाय मालाचा ताबा द्यायचा नाही.

हिशेब करून बघू. समजा, एका ढिगाची राखीव किंमत ४,००,००० रुपये आहे आणि तुमची बोली ५,२०,००० ला सुटली. तर १,३०,००० रुपये तिथल्या तिथे पाहिजेत. राहिलेले ३,९०,००० मुदतीत भरायचे. त्यावर वस्तू व सेवा कर आणि इतर जे कर लागू असतील ते वेगळे. माल कापायचा, भरायचा, वाहून न्यायचा खर्च तुमचाच. मुदतीत माल उचलला नाही तर भरलेली रक्कम जप्त होऊ शकते आणि फेरविक्रीत तोटा आला तर तोही तुमच्या अंगावर टाकता येतो. लिलावाला गेले की माणसाच्या अंगात येते. शेजारच्याने शंभर वाढवले की आपण दोनशे. म्हणून घरून आकडा ठरवून, कागदावर लिहून, खिशात घालून जावे.

एवढे करूनही माल खपला नाही तर? मग वित्त शाखेचा सल्ला घेऊन भंगाराच्या मोलाने विकता येतो. तोही खपला नाही तर दुसऱ्या मार्गाने, पर्यावरणाला अपाय न होईल अशा रीतीने नष्ट करण्यापर्यंत मुभा आहे. आणि शेवटी विक्रीचा हिशेब ठरलेल्या नमुन्यात लिहून, विक्रीवर देखरेख करणाऱ्या अधिकाऱ्याने त्यावर सही करायची. ही सही म्हणजे सगळ्या प्रकरणाची गाठ.

आता लिलाव संगणकावर

पूर्वी आवारात मांडव घालून हर्रास होत असे. ठरलेले व्यापारी यायचे, बाहेर चहाच्या टपरीवर आपसात ठरवायचे, आत येऊन एकच जण बोली लावायचा. बाजारात याला रिंग करणे म्हणतात. माल कवडीमोलाने सुटायचा आणि रात्री पुन्हा त्यांच्यातच दुसरा लिलाव व्हायचा. सरकारचे नुकसान, म्हणजे तुमचे आमचेच.

आता बरीचशी विक्री ई-लिलावाने होते. या कामातले जुने नाव म्हणजे एमएसटीसी. १९६४ साली भंगार धातूच्या व्यापारासाठी ही कंपनी निघाली, मुख्य कचेरी कोलकात्याला. ती केंद्राच्या पोलाद मंत्रालयाखाली येते आणि अनेक सरकारी खात्यांचे व महामंडळांचे लिलाव चालवते. केंद्राच्या "जेम" या सरकारी बाजारपेठेवरही खात्यांना आपला माल लिलावाला लावता येतो. नाव नोंदवायचे, कागद द्यायचे, अनामत भरायची आणि ठरल्या वेळी घरी बसून बोली लावायची. ठरल्या वेळेच्या अगदी शेवटी बोली आली तर वेळ आपोआप थोडी वाढते, अशी सोय पुष्कळ लिलावांत असते. म्हणजे शेवटच्या क्षणी झडप घालणाऱ्याचा फायदा होत नाही.

दोन शब्द मात्र नीट समजून घ्या. एक, "जसे आहे, जिथे आहे". याचा अर्थ माल ज्या स्थितीत, ज्या जागी पडला आहे तसाच घ्यायचा; नंतर "इंजिनात पिस्टनच नाही" अशी तक्रार चालत नाही. दुसरा, "मंजुरीच्या अधीन". म्हणजे तुमची बोली सर्वांत वर असली तरी वरिष्ठ मान्यता देईपर्यंत माल तुमचा नाही. कित्येक जण संगणकावर पहिला नंबर बघून पेढे वाटतात आणि नंतर नामंजुरीचे पत्र येते. राखीव किंमतीपेक्षा बोली कमी असेल तर असे होऊ शकते.

जीपचा मोह

आमच्याच गटातल्या चार सभासदांची हकिकत सांगतो. नावे सांगत नाही, त्यांनीच सांगा म्हटले म्हणून सांगतो. एका मध्यस्थाने त्यांना सरकारी जीपचा फोटो आणि लिलावाची यादी दाखवली. "साहेब ओळखीचे आहेत, लिलावात सोडवून देतो, कागद मागनं येतील." चौघांनी वर्गणी काढून ६०,००० रुपये दिले. जीप आली नाही, कागद आले नाहीत आणि काही दिवसांनी त्या माणसाचा फोनही लागेना. उसाच्या बिलातले पैसे गेले. त्यातल्या एकाच्या मुलीचे लग्न तोंडावर होते.

यात फसवणूक तर आहेच, पण नियम ठाऊक असता तर ती पहिल्याच दिवशी उघडी पडली असती. केंद्र सरकारने जानेवारी २०२३ मध्ये नियम केला आणि १ एप्रिल २०२३ पासून तो लागू झाला. केंद्र, राज्ये, महामंडळे, नगरपालिका, सरकारी उपक्रम, राज्य परिवहन उपक्रम यांच्या १५ वर्षे झालेल्या वाहनांच्या नोंदणीचे नूतनीकरण होत नाही. संरक्षण, कायदा-सुव्यवस्था आणि अंतर्गत सुरक्षेसाठीची खास वाहने तेवढी वगळली आहेत. अशी जुनी वाहने नोंदणीकृत वाहन मोडणी केंद्रातच मोडायची. त्या केंद्रांचे नियम सप्टेंबर २०२१ मध्ये झाले. म्हणून असल्या वाहनांच्या लिलावात बोली लावायचा अधिकार त्या केंद्रांनाच असतो, तुम्हांला आम्हांला नाही. वाहन मोडले की मोडणीचे प्रमाणपत्र निघते आणि नोंदणी रद्द होते. "सरकारी लिलावातली जुनी जीप, रस्त्यावर चालवा" असे कोणी सांगू लागला, तर पहिला प्रश्न विचारा, जीप किती सालची? १५ वर्षे झाली असतील तर तिथेच नमस्कार करून उठा.

हेच काही इतर वस्तूंचेही आहे. शिशाच्या जुन्या बॅटऱ्या, वापरलेले ऑइल, मोडके संगणक ही मोड कोणालाही विकता येत नाही; ती अधिकृत पुनर्प्रक्रिया करणाऱ्यांकडेच गेली पाहिजे. मुदत संपलेली औषधे, खराब धान्य यांची तर योग्य रीतीने लगेच विल्हेवाट लावायची किंवा ती नष्ट करायची. आणि सरकारी जमीन ही गोष्टच निराळी. तिची विल्हेवाट महाराष्ट्रात जमीन महसूल संहिता १९६६ आणि त्याखालच्या १९७१ च्या नियमांनी चालते. तिची भंगाराशी गल्लत करू नये.

कायदा कोणाच्या बाजूने?

वस्तू विक्री अधिनियम १९३० च्या कलम ६४ मध्ये लिलावाचे नियम आहेत. हातोडा पडेपर्यंत बोली लावणारा आपली बोली मागे घेऊ शकतो, हा मूळ नियम. मात्र सरकारी लिलावाच्या अटीत याउलट लिहिलेले असते का, ते आधी वाचावे. विकणाऱ्याने भाव चढवण्यासाठी खोट्या बोल्या लावल्या, तर खरेदीदाराला तो व्यवहार रद्द करता येतो.

आणि सरकारने स्वस्तात देऊन टाकले तर? याबाबत सर्वोच्च न्यायालयाचे दोन निकाल लक्षात ठेवण्यासारखे आहेत. सिंद्री येथे सरकारी खत कारखाना होता. तिथली जुनी यंत्रसामग्री विकायला काढली, तेव्हा कामगार संघटनाच न्यायालयात गेली. म्हणणे असे की, विक्री मनमानी आहे. नोव्हेंबर १९८० मध्ये निकाल लागला. सरन्यायाधीश होते यशवंत विष्णू चंद्रचूड. विक्री मनमानी ठरली नाही, संघटना हरली. पण सार्वजनिक मालमत्ता उधळली जात असेल तर ज्यांचा तिच्याशी थेट संबंध आहे त्यांना तक्रारीचा हक्कच नाही असे म्हणणे कठीण आहे, असा विचार त्या निकालात मांडला गेला. कामगार हरले, पण पुढच्यांसाठी दार किलकिले करून गेले.

दुसरा निकाल १९८५ चा, हरियाणातल्या खाणपट्ट्याचा. लिलावातली सर्वांत वरची बोली कमी वाटली म्हणून सरकारने नाकारली. ते ठीक. पण नंतर दुसऱ्याने थेट मुख्यमंत्र्यांना पत्र लिहून जास्त रक्कम देऊ केली आणि पहिल्याला न विचारता पट्टा त्याला दिला गेला. न्यायालयातच दोघांना पुन्हा बोली लावायची संधी दिली तेव्हा आकडा कितीतरी वर गेला. तात्पर्य काय? माणूस स्वतःची म्हैस मेव्हण्याला फुकट देऊ शकतो. सरकारला सगळ्यांची म्हैस तशी देता येत नाही.

लिलावाला जाण्याआधी

पहिले, जाहिरात आणि अटी स्वतः वाचा, इंग्रजीत असतील तर वाचून घ्या. आपल्या गट कार्यालयातली मंडळी मदत करतील. दुसरे, माल बघितल्याशिवाय बोली लावू नका आणि बघायला जाताना फिटर बरोबर न्या. तिसरे, माल वजनावर आहे की नगावर आहे की ढिगावर, हे पक्के करा. वजनावर असेल तर काटा कोणाचा, तेही विचारा. चौथे, पैसे खात्याच्या किंवा लिलाव करणाऱ्या संस्थेच्या खात्यातच भरा. माणसाच्या हातात एक रुपयाही देऊ नका. पाचवे, ताबा घेताना सुटका आदेश, काटापट्टी आणि फाटकावरची पावती तिन्ही सांभाळून ठेवा.

आणि विक्रीत काळेबेरे वाटले तर माहितीचा अधिकार २००५ पासून आहेच. १० रुपयांच्या शुल्कात अर्ज होतो आणि ३० दिवसांत उत्तर द्यावे लागते. "अमुक कचेरीने अमुक तारखेला विकलेल्या मालाची यादी, राखीव किंमत, आलेल्या बोल्या आणि विक्रीचा हिशेब" एवढेच नेमके मागा. गुळमुळीत विचारले की गुळमुळीत उत्तर येते.

आता घरचे

आपला कारखाना सरकारी नाही. वरचे नियम आपल्याला जसेच्या तसे बांधत नाहीत. सहकारी संस्थेला माहिती अधिकाराचा कायदा आपोआप लागू होत नाही, असेही सर्वोच्च न्यायालयाने २०१३ साली केरळातल्या एका प्रकरणात म्हटले आहे. मग आपण सुटलो का? मुळीच नाही. सरकारी मालमत्तेचा धनी नजरेआड असतो. आपल्या मालमत्तेचा धनी दर हंगामात बैलगाडी नाहीतर ट्रॅक्टर घेऊन फाटकावर येतो.

आणि आमच्याही हातून चूक झालेली आहे, ती झाकून ठेवण्यात अर्थ नाही. काही हंगामांपूर्वी ज्यूस हीटरच्या जुन्या पितळी नळ्या काढून तिथे स्टेनलेस स्टीलच्या बसवल्या. जुन्या नळ्या, गनमेटलचे झिजलेले बेअरिंग, मोटरींतली तांब्याची तार आणि साधे लोखंड, सगळे एकाच आवारात एकाच ढिगात पडले आणि "मिश्र भंगार" म्हणून एकाच दराने वजनावर गेले. कोणी खाल्ले असे आम्ही म्हणत नाही, तसा पुरावाही नाही. पण पितळ आणि तांबे लोखंडाच्या भावात गेले, हे खरे आहे. ढीग वेगळे केले असते तर चार पैसे जास्त आले असते. वेगळे करायला दोन मजूर आणि आठ दिवस लागले असते. ते आठ दिवस आम्ही वाचवले आणि सभासदांचे पैसे घालवले. त्या वेळी या पत्रिकेतही आम्ही एक ओळ छापली नाही, हा आमचा दोष.

यंदा गाळप संपल्यावर दोन जुने रोलर, साखळ्या, उरलेल्या नळ्या आणि जळालेल्या मोटरी विकायला निघणार आहेत. आमची संचालक मंडळाला जाहीर विनंती अशी. धातूप्रमाणे ढीग वेगळे करावेत. प्रत्येक ढिगाचे वजन आपल्याच काट्यावर करून यादी सर्व गट कार्यालयांच्या फलकावर लावावी. राखीव किंमत बाहेरच्या जाणकाराकडून काढून घ्यावी. विक्री ई-लिलावाने करावी. आणि विक्रीचा हिशेब, देखरेख करणाऱ्याच्या सहीसकट, या पत्रिकेत छापायला द्यावा. आम्ही तो पहिल्या पानावर छापू.

सभासदांना विनंती अशी की, यादी लागली की ती जाऊन वाचा. ज्यांनी मिलमध्ये काम केले आहे त्यांनी तर अवश्य वाचा. कुठला बेअरिंग कशाचा, हे तुमच्याइतके कोणाला माहीत आहे? काही राहून गेले असेल तर लेखी कळवा. सहकारी संस्था अधिनियम १९६० च्या कलम ३२ प्रमाणे सर्वसाधारण सभेचे आणि संचालक मंडळाच्या सभांचे इतिवृत्त पाहण्याचा सभासदाला हक्क आहे. तो मागायला संकोच कशाला?

पुढच्या सभेत मागच्या रांगेतून पुन्हा तोच प्रश्न यावा, अशी आमची इच्छा आहे. फक्त या वेळी विचारणाऱ्याच्या हातात यादी असावी आणि उत्तर देणाऱ्याच्या हातात हिशेब. मग टाळ्या पडल्या तरी चालतील.